ढोरांच्या डॉक्टरचा अंगरखा आणि जनावर धरणारे हात

ट्रस्टच्या ह्या रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी काही लिहावे, आणि ते घरोघरी उपयोगी पडेल असे असावे, अशी सूचना संपादक मंडळाने केली. मी पडलो शिक्षक. मला धडाच लिहिता येतो. म्हणून एक धडाच वाचकांपुढे ठेवीत आहे. तो आजारपणाविषयी आहे, परंतु माणसांच्या दवाखान्याविषयी नाही. महामारीच्या काळात ढोरांच्या दवाखान्यात कोणती संरक्षक साधने वापरावी लागतात, ती का वापरावयाची, आणि त्या दवाखान्यात जनावर घेऊन जाणाऱ्या आपल्यासारख्यांचा त्याच्याशी काय संबंध, एवढाच ह्या धड्याचा विषय आहे.

रामाकोन्यात व आसपासच्या गावांत ज्याच्या दारात एखादी शेळी, चार कोंबड्या, गाय किंवा बैलजोडी नाही अशी घरे थोडी. पोळ्याला आपण बैलाच्या खांद्याला लोणी-हळद लावतो, ईदच्या आधी महिनाभर बोकडाला हाताने पाला भरवतो. जनावराशी आपला संबंध हाताचा आहे, श्वासाचा आहे. म्हणून हा धडा केवळ डॉक्टरांचा नाही.

एक प्रसंग

सन २०२० च्या उन्हाळ्यातील गोष्ट. टाळेबंदी चालू होती. पशुवैद्यकीय सेवा अत्यावश्यक मानल्यामुळे तिला मुभा होती, परंतु येणेजाणे अवघड झाले होते. आमची एक शेळी विताना अडली. रात्रभर कण्हत होती. सकाळी डॉक्टर आले ते तोंडाला मुखपट्टी, डोळ्यांपुढे पारदर्शक फायलीच्या पुठ्ठ्याची घरी केलेली ढाल आणि अंगात धुऊन धुऊन विटलेला एप्रन, अशा वेषात. अंगणात घरची सहा माणसे उभी होती. त्यांनी पहिला शब्द उच्चारला तो शेळीविषयी नव्हता. ते म्हणाले, "मास्तरसाहेब, एकाने शेळी धरा. बाकीच्यांनी आत जा."

शेळी मी धरली. त्यांनी पिशवीतून हातमोज्यांची जोडी काढली. तेवढी एकच शिल्लक होती. ती त्यांनी स्वतःच्या हातांत चढवली, कारण हात आत घालावयाचे होते. मग माझ्या उघड्या हातांकडे पाहून त्यांनी घरातून दोन कोऱ्या पॉलिथिनच्या पिशव्या मागवल्या, त्या माझ्या हातांत घालून मनगटाला सुतळी बांधावयास सांगितले, आणि नाकातोंडावर दुपट्टा घट्ट बांधल्याशिवाय कामास हात घातला नाही. करडू मेलेलेच निघाले. शेळी वाचली. निघताना ते म्हणाले, "साधने मला मिळतात तेवढी मिळतात. पण जनावर धरणाऱ्याला कोणी देत नाही. आणि तोंड लागते ते त्याचेच."

हे वाक्य मी विसरलो नाही. ह्या धड्याचे सारही तेच आहे. साधन डॉक्टरने घातले आणि जनावर धरणारा उघडा राहिला, तर कुंपणाला एका बाजूने फाटक बसवून दुसरी बाजू मोकळी सोडल्यासारखे होते.

रोग कोणत्या वाटेने येतो?

जनावरांपासून माणसाला होणारे रोग पुष्कळ आहेत, परंतु त्यांच्या वाटा थोड्याच आहेत. मुलांना मी त्या चार बोटांवर मोजून सांगतो.

पहिली वाट हाताची. हाताला बारीक चीर असते, विळ्याचा ओरखडा असतो. जनावराचे रक्त, लाळ, गर्भजल तेथून आत जाते. दुसरी वाट डोळ्याची. शिंतोडा उडतो, किंवा तोच हात आपण डोळ्याला लावतो. तिसरी वाट श्वासाची. कोंबड्यांच्या खुराड्यातील धूळ, जनावराची शिंक, वाळलेल्या विष्ठेचे कण हे नाकावाटे आत जातात. चौथी वाट सुईची. इंजेक्शन देताना जनावर उसळते आणि सुई आपल्याच बोटात शिरते.

संरक्षक साधने म्हणजे ह्या चार वाटांवर बसवलेले चार पहारेकरी. हातमोजे हाताचे, चष्मा किंवा ढाल डोळ्यांची, मुखपट्टी श्वासाची, आणि सुईसाठी भोक न पडणारा जाड डबा. अंगावरचा एप्रन व पायांतील गमबूट ह्यांचे काम निराळे आहे. ते रोग एका गोठ्यातून दुसऱ्या गोठ्यात आणि दवाखान्यातून घरी जाऊ देत नाहीत.

मुखपट्टीचा जन्म

मुखपट्टी ही काही २०२० सालची कल्पना नव्हे. सन १९१०-११ च्या हिवाळ्यात मांचुरियात फुप्फुसाचा प्लेग पसरला. तो तेथील मार्मोट नावाच्या, बिळात राहणाऱ्या प्राण्यांपासून माणसांत आला. फरासाठी लोक त्यांची शिकार करीत व कातडी सोलीत. पेनांग येथे जन्मलेले व केंब्रिज येथे शिकलेले डॉक्टर वू लिएन-तेह ह्यांना चीन सरकारने हार्बिन येथे पाठविले. त्यांनी निदान केले की हा प्लेग उंदरांच्या पिसवांनी नव्हे, तर माणसाच्या खोकल्यातून हवेने पसरतो आहे. म्हणून त्यांनी जाळीदार कापडाच्या थरांत कापूस घालून मुखपट्टी करविली आणि डॉक्टर, नोकर, प्रेत उचलणारे ह्या सर्वांना ती बांधावयास लावली. मेस्नी नावाचे एक नामांकित फ्रेंच डॉक्टर होते. त्यांना हे पटले नाही. ते मुखपट्टीवाचून रुग्ण तपासावयास गेले आणि थोड्याच दिवसांत त्याच प्लेगने वारले. त्या साथीत सुमारे साठ हजार माणसे दगावली.

ह्यातून दोन गोष्टी शिकावयाच्या. एक, विद्वत्ता हे संरक्षक साधन नव्हे. दुसरी, वू ह्यांनी मुखपट्टी केवळ डॉक्टरांना दिली नाही, प्रेत उचलणाऱ्या मजुरालाही दिली.

नवापूर आणि छिंदवाडा

आता दूरदेशाचे सोडून आपल्या भागाकडे येऊ. सन २००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे कोंबड्या पटापट मरू लागल्या. कोंबड्यांना राणीखेत हा रोग नेहमीचाच. आपण त्याला मानमोडी म्हणतो. प्रथम लोकांना तोच वाटला. परंतु भोपाळच्या उच्च सुरक्षा पशुरोग प्रयोगशाळेने नमुने तपासून निदान केले की हा एच-५-एन-१ जातीचा बर्ड फ्लू आहे. भारतातील तो पहिलाच उद्रेक होता. पशुसंवर्धन खात्याची माणसे डोक्यापासून पायापर्यंत पांढरे अंगरखे, चष्मे, मुखपट्ट्या घालून शेडमध्ये शिरली आणि लाखो कोंबड्या मारून पुरल्या. त्यांना प्रतिबंधक म्हणून फ्लूवरचे औषधही दिले होते आणि नंतर काही दिवस त्यांच्या प्रकृतीवर लक्ष ठेवले होते. त्या उद्रेकात एकाही माणसाला हा रोग झाल्याचे सिद्ध झाले नाही.

दुसरी गोष्ट त्याहून जवळची. सन २०२५ च्या जानेवारीत आपल्या छिंदवाडा शहरात घरी पाळलेल्या मांजरांना हाच एच-५-एन-१ झाल्याचे भोपाळच्या त्याच संस्थेने दाखवून दिले. (आपला पांढुर्णा जिल्हा २०२३ च्या ऑक्टोबरपर्यंत छिंदवाड्यातच होता, हे वाचकांना माहीत आहेच.) भारतात मांजरांत ह्या रोगाची झालेली ही पहिली नोंद. लक्षणे काय होती? ताप, अन्नावरची वासना जाणे, सुस्ती. एवढ्या साध्या लक्षणांनी मांजर दवाखान्यात आणले, तर कोणाच्या मनात बर्ड फ्लू येईल? उपचार सुरू असतानाच थोड्याच दिवसांत ती मांजरे मेली. नंतर कोंबड्यांच्या बाजारातही विषाणू सापडला, बाजार बंद करण्यात आला, आणि संपर्कात आलेल्या माणसांचे नमुने घेतले गेले. सुदैवाने त्यांत रोग आढळला नाही.

नवापुरात रोग कळल्यावर माणसे अंगरखे घालून आत गेली. छिंदवाड्यात जनावर दवाखान्यात आले तेव्हा रोग कळलेलाच नव्हता. खरा धोका ह्या दुसऱ्या प्रकारात आहे. म्हणून दवाखान्याचा नियम असा असावा लागतो, की नाव कळण्याची वाट न पाहता ताप असलेल्या, शिंकणाऱ्या, गाभ टाकलेल्या किंवा अचानक मेलेल्या प्रत्येक जनावराजवळ जाताना हातमोजे, मुखपट्टी व डोळ्यांची ढाल घालावयाची.

२०२० ची टंचाई काय शिकवून गेली

करोनाची महामारी आली तेव्हा माणसांच्या डॉक्टरांनाच साधने मिळत नव्हती. ३१ जानेवारी २०२० रोजी भारत सरकारने अशा साधनांच्या निर्यातीवर बंदी घातली. तोपर्यंत अंगभर घालावयाचे संरक्षक पोशाख आपल्या देशात जवळजवळ बनतच नव्हते. काही ठिकाणी डॉक्टरांनी पावसाळी कोट घालून काम भागविले. मग कारखाने कामाला लागले आणि मे महिन्यापर्यंत असे पोशाख दररोज लाखांच्या संख्येने बनू लागले. मधल्या काळात ढोरांच्या दवाखान्याचा क्रमांक साहजिकच शेवटचा होता, आणि ते योग्यही होते.

त्या टंचाईत जगभरच्या पशुवैद्यांनी तीन उपाय केले. पहिला, जे थांबू शकते ते थांबविले. नसबंदीसारख्या, तातडीच्या नसलेल्या शस्त्रक्रिया पुढे ढकलल्या. दुसरा, माणसांची गर्दी तोडली. अमेरिकेत मालक मोटारीत बसून राही आणि नोकर बाहेर येऊन कुत्रे आत नेई. पुष्कळ सल्ला टेलिफोनवरच दिला जाई. तिसरा, साधनांची वाटणी कामाच्या जोखमीप्रमाणे केली. सर्वांत चांगली मुखपट्टी सर्वांत धोक्याच्या कामाला, साधी मुखपट्टी साध्या कामाला.

आपल्याकडे बैल काही मोटारीतून उतरवून देता येत नाही. डॉक्टरला गोठ्यातच यावे लागते आणि बैल कोणीतरी धरावाच लागतो. त्यामुळे पहिला आणि तिसरा उपाय आपल्याला जसाच्या तसा घेता आला, तरी दुसऱ्याची रीत आपली वेगळी. एक जनावर, एक धरणारा, बाकी सर्व दूर.

मुखपट्टी दोन्ही बाजूंनी राखण करते, हेही त्या काळात दिसले. एप्रिल २०२० मध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयातील वाघिणीला आणि मे २०२१ मध्ये हैदराबादच्या नेहरू प्राणिसंग्रहालयातील आठ आशियाई सिंहांना करोना झाल्याचे आढळले. वाघ-सिंह काही बाजारात गेले नव्हते. तो रोग बहुधा माणसाकडूनच त्यांच्याकडे गेला. म्हणजे आपण जनावरापासून जपावे तसे जनावरालाही आपल्यापासून जपावे लागते.

एकेक साधन, त्याचे काम आणि त्यातली चूक

मुखपट्टी: एन-९५ ह्या नावातला आकडा असे सांगतो की हवेतील अतिसूक्ष्म, ०.३ मायक्रॉन आकाराच्या कणांपैकी निदान ९५ टक्के ती अडविते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. तिच्या मधल्या थरातील तंतूंवर विद्युत्भार असतो, आणि चिमटीने धूळ उचलावी तसे ते कण धरून ठेवतात. साबणाने धुतली की हा भार जातो. मग ती दिसावयास तशीच, कामास मात्र साध्या फडक्याएवढी राहते. ती चेहऱ्यावर सर्व बाजूंनी घट्ट बसली पाहिजे. दाढी असेल तर कडेने हवा शिरते. आपल्यातील पुष्कळांना दाढी आहे, म्हणून हे मुद्दाम सांगितले. अशा गृहस्थाने धोक्याचे काम घरातील दुसऱ्याकडे द्यावे, किंवा निदान वाऱ्याच्या पाठीमागून उभे राहावे. घामाने भिजलेली मुखपट्टी बदलावी.

चष्मा व ढाल: हे साधन लोक सर्वांत आधी सोडतात. ते किती महत्त्वाचे आहे ह्याचा दाखला अमेरिकेतील टेक्सास राज्यात मिळाला. सन २०२४ मध्ये तेथे दुभत्या गाईंना बर्ड फ्लू झाला. गोठ्यात काम करणाऱ्या एका माणसाने हातमोजे घातले होते, पण डोळ्यांवर आणि नाकावर काही नव्हते. त्याला रोग झाला तो डोळ्यांचा. दोन्ही डोळे लाल झाले, त्यांतून रक्त साकळल्यासारखे दिसू लागले. चारपैकी एका वाटेवर पहारा होता, रोग दुसरीने आला. साध्या नंबराच्या चष्म्याने कडेचे शिंतोडे अडत नाहीत, हेही ध्यानात ठेवावे.

हातमोजे: तपासणीचे आखूड मोजे वेगळे, आणि गाय विताना वापरावयाचे खांद्यापर्यंतचे लांब मोजे वेगळे. घातल्यावर त्या हाताने कपाळाचा घाम पुसला, मोबाईल उचलला, विडी पेटवली, की मोजे असून नसून सारखेच. एका जनावराचे मोजे दुसऱ्याला वापरू नयेत.

एप्रन व गमबूट: गमबूट आधी पाण्याने व ब्रशने घासून धुवावेत, मग जंतुनाशकात बुडवावेत. शेणाने भरलेला बूट तसाच ब्लीचिंगच्या पाण्यात बुडविला तर औषधाची शक्ती शेणावरच खर्च होते.

सुयांचा डबा: वापरलेल्या सुईला पुन्हा टोपण घालू नये. सन २०१६ च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांत पशुवैद्यकीय दवाखानेही येतात. त्यांनी सुया पांढऱ्या, भोक न पडणाऱ्या डब्यातच टाकावयाच्या आहेत. सन २०१९ पासून केंद्राच्या पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना व वगारींना ब्रुसेल्ला रोगाची लस टोचली जाते. त्या लशीत जिवंत जंतू असतात. ती टोचणाऱ्याच्या बोटात सुई शिरली तर त्यालाच रोग होऊ शकतो. म्हणून लस टोचणारा मोजे-चष्मा घालून आला तर त्याला हसू नये.

काढावयाची विद्या

साधने घालणे सोपे, काढणे अवघड. सगळी घाण साधनांच्या बाहेरच्या बाजूला असते, आणि माणूस सुटला एकदाचा म्हणून घाईने ती ओरबाडून काढतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो. अंगरख्यात माणूस उकडून निघतो, ही घाई समजण्यासारखी आहे. म्हणून असे काम होईल तो सकाळी करावे.

घालण्याचा क्रम: एप्रन, मुखपट्टी, चष्मा, शेवटी मोजे. काढण्याचा क्रम: आधी मोजे, मग चष्मा, मग एप्रन, सर्वांत शेवटी मुखपट्टी. मोजा काढताना मनगटाशी बाहेरून चिमटीत धरून उलटा करीत काढावा. दुसऱ्या मोज्यात आतून बोट सारून तोही उलटा करावा. एप्रन आतली बाजू बाहेर अशी गुंडाळी करून टाकावा. मुखपट्टी पुढून न धरता दोरीने काढावी. शेवटी हात साबणाने धुवावेत.

वर्गात मी ह्याचा एक प्रयोग करून घेतो. तो घरीही करता येतो. मुलाला साधे हातमोजे घालावयास द्यावे आणि मोज्यांवर कपड्याची नीळ पाण्यात कालवून लावावी. मग म्हणावे, आता मोजे काढ. काढून झाल्यावर त्याचे मनगट, बाही, आणि पुष्कळदा नाकाचा शेंडा पाहावा. जेथे निळे, तेथे रोग. पहिल्या खेपेला स्वच्छ निघालेला मुलगा मला क्वचितच भेटला. तिसऱ्या खेपेला मात्र निम्म्याहून अधिक मुले स्वच्छ निघतात. म्हणजे ही विद्या अभ्यासाने येते.

माझ्या आईचा ताप

हे सर्व मी एवढ्या आग्रहाने का सांगतो, त्याचे कारण आमच्या घरातच घडलेले आहे. मला नोकरी लागून दोन-तीन वर्षे झाली होती. आमच्या एका शेळीने दिवस भरण्याआधी गाभ टाकला आणि तिचा जार अडकला. माझ्या आईने तो नेहमीप्रमाणे हातानेच ओढून काढला. तिच्या आईने तसाच काढला असेल, आजीनेही तसाच. काही आठवड्यांनी आईला ताप येऊ लागला. सकाळी उतरे, संध्याकाळी चढे. अंगाला दरदरून घाम येई, कंबर व गुडघे धरत. मलेरियाचे औषध झाले, टायफॉइडचे झाले. चार महिने गेले. ती वाळून काडी झाली. प्रत्येक डॉक्टर विचारी, काय खाल्ले, कोणते पाणी प्याल्या. शेवटी एका डॉक्टरांनी विचारले, "घरी शेळ्या आहेत काय? एखादी गाभडली होती काय?" रक्ताची तपासणी झाली. ब्रुसेल्लोसिस निघाला. सहा आठवडे औषध घेतल्यावर ताप गेला. कंबरदुखी मात्र तिला पुष्कळ वर्षे पुरली.

एका हातमोज्याच्या जोडीने हे टळले असते. ती जोडी तिला कोणी दिली नव्हती, कारण ती डॉक्टर नव्हती, कंपाउंडरही नव्हती. ती फक्त शेळी पाळणारी बाई होती. गोठ्यातले ओले, घाणीचे, जोखमीचे काम बहुतेक घरांत बाईच करते, आणि साधनांच्या यादीत तिचे नाव कोठेच नसते.

घरी पाळावयाचे नियम

गाभ टाकलेल्या जनावराचा जार किंवा मेलेले पिल्लू उघड्या हाताने धरू नये. मोजे नसतील तर दोन पॉलिथिनच्या पिशव्या हातांत घालून मनगटाशी बांधाव्यात. ते सर्व चुना टाकून खोल पुरावे. कुत्र्यांपुढे फेकू नये. गर्भार बाईने त्या कामाजवळ येऊ नये. दूध उकळूनच घ्यावे.

गाय-बैल लाळ गाळतो, गिळता येत नाही, म्हणून घशात काही अडकले असे समजून तोंडात हात घालू नये. तो पिसाळरोग असू शकतो. लाळ लागलीच तर साबणाने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी लशीसाठी दवाखाना गाठावा.

जनावर अचानक मेले आणि नाकातोंडातून न गोठणारे काळपट रक्त आले, तर ते कापू नये, सोलू नये. फाशी, म्हणजे अँथ्रॅक्स असू शकतो.

कोंबड्या एकदम मरू लागल्या, किंवा कच्चे मांस खाल्लेले मांजर तापाने पडले, तर हाताळू नये. पशुचिकित्सालयास कळवावे. भरपाई बुडेल म्हणून लपवू नये, आणि घाईने विकू तर मुळीच नये.

डॉक्टर आले की अंगणात जत्रा भरवू नये. एकाने जनावर धरावे, आणि त्याने नाक, डोळे व हात झाकलेले असावेत. डॉक्टर जर उघड्या हाताने कामास लागले तर त्यांना आदराने विचारावे, "साहेब, मोजे आणू का?" ह्यात त्यांचा अपमान नाही.

एक विनंती

आपल्या ट्रस्टने पंचवीस वर्षांत मुलांना वह्या दिल्या, अडलेल्यास औषध दिले, मयताच्या सामानाची सोय केली. ह्या महोत्सवी वर्षात एक लहानशी पेटी तयार करावी अशी माझी विनंती आहे. तिच्यात लांब व आखूड हातमोजे, एन-९५ मुखपट्ट्या, दोन कडाबंद चष्मे, दोन धुण्याजोगे एप्रन, साबण, ब्लीचिंग पावडर आणि सुयांचा डबा, एवढेच असावे. पेटी ट्रस्टच्या कार्यालयात ठेवावी. ज्याच्या घरी जनावर अडेल त्याने, मग तो कोणत्याही जातीधर्माचा असो, ती घेऊन जावी आणि वापरलेल्या वस्तूंची नोंद वहीत करावी. ढोराचा रोग घर विचारून येत नाही. पेटीनेही विचारू नये. मोज्यांचे रबर उन्हाने व वर्षांनी कुजते, म्हणून दरवर्षी पोळ्याच्या आधी पेटी उघडून पाहावी. ते काम शाळेच्या मुलांकडून करवून घेण्याची जबाबदारी मी घेतो.

पुढची महामारी कोठून येईल हे सांगता येत नाही. परंतु ती जर एखाद्या गोठ्यातून किंवा खुराड्यातून निघाली, तर तिला पहिला स्पर्श डॉक्टरचा होणार नाही. जनावर धरणाऱ्या हाताचा होईल. तो हात झाकलेला असावा, एवढीच ह्या धड्याची इच्छा.

मुलांसाठी प्रश्न

१. रोग येण्याच्या चार वाटा कोणत्या? प्रत्येकीवरचा पहारेकरी सांगा.
२. एन-९५ मुखपट्टी साबणाने धुतल्यास काय होते व का?
३. टेक्सासच्या गोठ्यातील माणसाने कोणते साधन घातले होते आणि कोणते नव्हते?
४. साधने काढण्याचा क्रम लिहा. मुखपट्टी शेवटी का काढावयाची?
५. आपल्या घरी जनावराचे ओले काम कोण करते? त्यांच्या हातांत मोजे आहेत काय? नसल्यास हा धडा आज त्यांना वाचून दाखवा.